वरचा ठसा

१ मार्च

रोमला पोचलो एकदाचे! जहाजावर अम्मियाने मला बजावलं होतं, बाबा, पहिल्या दिवशी तरी कुणाशी भांडायचं नाही. बंदरापासून टेकडीपर्यंत मी शब्द पाळला. मग हमालाने माझ्या अवजारांची पेटी दगडावर आदळली आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अम्मिया म्हणाली, टेकडीपर्यंत टिकलात तेच खूप झालं.

खोली केलियन टेकडीच्या उतारावर आहे, अगदी वरच्या मजल्यावर. जिने चढताना दम लागतो, पण खिडकीतून थेट टाकसाळीचं छप्पर दिसतं. सकाळपासून हातोड्यांचा आवाज येतो. अधूनमधून खालच्या झुंजींच्या आखाड्यातून हजारो माणसांची आरोळी उठते, म्हणजे कुणीतरी मेलं किंवा कुणाला तरी मारलं. घरमालकीण हिलारा हिने मसुराची वाटी आणि ओलं चीज वर पाठवलं, आणि पाठोपाठ स्वतःच येऊन विचारलं की पोरगी सतरा वर्षांची झाली तरी बिनलग्नाची कशी. अम्मियाने तिला सांगितलं, माझं लग्न झालं तर ह्यांच्या कोरण्यांना धार कोण लावणार? दोघींचं तिथेच जमलं.

समुद्रापलीकडे, आमच्या स्मर्ना शहरात, बायको तापाने गेली. तेव्हापासून ह्या पोरीशिवाय मला दुसरं कुणी नाही. तिथे मी अंगठ्यांच्या खड्यांवर कोरीवकाम करत असे. आता सम्राटाच्या चांदीच्या नाण्यांचे ठसे कोरणार. बायको असती तर तिने अख्ख्या गल्लीला ऐकवलं असतं.

४ मार्च

टाकसाळ पाहिली. कारभारी काल्विनस हा गोड बोलणारा, गुबगुबीत माणूस आहे. बोलताना आपल्या खांद्यावर हात ठेवतो आणि नंतर तोच हात अंगरख्याला पुसतो. त्याने मला म्हाताऱ्या व्हिटालिसच्या शेजारी बसवलं. व्हिटालिस इथला सगळ्यांत जुना ठसे कोरणारा. तोंड सदा एरंडेल प्यायल्यासारखं.

चांदी म्हणायची आणि त्यात निम्म्याहून जास्त तांबं. चकत्या आंबट पाण्यात उकळतात, वरवरचं तांबं उतरतं आणि चांदीचा पापुद्रा तेवढा चकाकतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पण माझा संबंध चित्राशी, मला काय त्याचं.

पद्धत अशी. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असतो. त्यात सम्राटाचं मुंडकं, डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. त्यावर तापलेली चकती ठेवायची. वरचा ठसा हातात धरायचा, त्यात कुठलीतरी देवी असते. कधी शांती, कधी निष्ठा, कधी भरभराट. त्याच्या डोक्यावर हातोडा मारायचा. म्हणजे घाव सम्राटावर पडतच नाही, तो खाली निवांत. घाव पडतो देवीवर. म्हणून वरचे ठसे लवकर झिजतात, सारखे नवे लागतात. मी हसून म्हणालो, राज्यकारभारही असाच चालतो म्हणा की. व्हिटालिस हसला नाही. त्याने दाराकडे पाहिलं.

त्याच्या देवी पाहून मात्र मला वाईट वाटलं. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या सुरेख, हात सुरेख, पण चेहऱ्याच्या जागी नुसता ठिपका. सगळ्यांचं तेच. मी विचारलं, तर म्हणाला, इथली रीत आहे. चांदीवर जिवंत माणसाचा चेहरा फक्त सम्राटाच्या घरचा. बाकीच्यांना तोंड द्यायचं नाही. का, ते मला विचारू नकोस.

मला वाटतं, म्हाताऱ्याची नजर गेली आहे आणि आळसाला रीत म्हणायची सोय झाली आहे.

१९ मार्च, मिनर्व्हाचा सण

आज आम्हा कारागिरांच्या देवीचा दिवस, सगळ्यांना सुट्टी. पण मी घरी बसून कोरतो आहे आणि मला ह्यात सणापेक्षा जास्त मजा येते आहे.

परवा काल्विनसने मला पहिलं मोठं काम दिलं. सम्राट आजारातून उठले आहेत, म्हणून आरोग्यदेवीचं नाणं काढायचं. देवी उभी, हातात ताटली, वेदीवरून वर आलेला साप त्या ताटलीत खातो आहे. व्हिटालिस म्हणाला, ठिपका दे आणि मोकळा हो. मी म्हणालो, मिरीएवढ्या खड्यावर मी माणसं ओळखू येतील अशी कोरली आहेत. मला ठिपका सांगता?

अम्मियाला खिडकीत उभं केलं. ताटली म्हणून हिलाराची थाळी, साप म्हणून माझा कमरपट्टा. ती तासभर मला बोलत होती. बाबा, हा साप फार उपाशी दिसतो. बाबा, देवीला शिंक आली तर चालते का? आणि माझं नाक आहे तसंच काढा, सरळ केलंत तर बघा. तिच्या नाकाच्या मधोमध बारीकसा उंचवटा आहे, तिच्या आईसारखा. तोच मी आधी कोरला. ठसा मेणावर दाबून पाहिला तर गव्हाच्या दाण्याएवढी अम्मिया ओठ दाबून हसत होती.

इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहितो.

२८ मार्च

काल्विनसने नाणं उन्हात धरलं आणि खांद्यावर ठेवलेला हात पुसायचासुद्धा विसरला. म्हणाला, अरे, ही तर आत्ता बोलेल! उलट्या बाजूला जीव असलेली देवी त्याने जन्मात पाहिली नव्हती. आजच घाव सुरू झाले. हातोडेवाला डाकस, डोंगराएवढा माणूस, तोसुद्धा पहिल्या घावाआधी म्हणाला, एवढ्या नाजूक पोरीला मारायचं म्हणजे.

व्हिटालिसने नाणं पाहिलं आणि खाली ठेवलं. ही कोण, म्हणून विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, माझी मुलगी. तो उठून बाहेर गेला आणि दुपारपर्यंत आत आला नाही. मत्सर कुणाला चुकला आहे?

पगारात मिळालेलं एक नाणं अम्मियाला दिलं. तिने ते दातांनी चावून पाहिलं आणि म्हणाली, बाबा, मी हीणकस निघाले.

७ एप्रिल

अम्मियाचं डोकं दुखतं. सकाळी सुरू होतं आणि संध्याकाळी थांबतं. ती म्हणते, टाकसाळीचे हातोडे डोक्यात वाजतात. हिलारा म्हणाली, इथे नवं आलेलं माणूस महिनाभर असंच म्हणतं, मग त्याला आवाज ऐकूच येईनासा होतो. तिने कोबीचा रस पाजला. कोबीने रोमची सगळी दुखणी जातात म्हणे.

सुट्टीच्या दिवशी मात्र पोरगी अगदी ठणठणीत असते. बाजारात जाऊन अंजीरवाल्याशी भांडून आली.

१६ एप्रिल

आज जेवताना हिलारा अम्मियाकडे बघत राहिली आणि म्हणाली, पोरी, तुझ्या चेहऱ्यात काहीतरी बदललंय, पण काय ते सांगता येईना. अम्मिया म्हणाली, मसूर खाऊन खाऊन मसूर झाले असेन.

मला सांगता आलं. नाकावरचा उंचवटा नाही.

मी तिला उजेडात बसवलं. नाकावरून बोट फिरवलं. सपाट. दुखतं का, म्हणालो. ती म्हणाली, दुखत नाही, पण सकाळी तोंड धुताना हाताला आपलाच चेहरा परका लागतो. मग हसली. ते हसूही मला जरा पुसट वाटलं. ओठांच्या कडा पूर्वी इतक्या स्पष्ट होत्या की कोरायला सोप्या गेल्या होत्या.

टाकसाळीत जाऊन ठसा मागितला. कडेकडेचं सगळं ठीक आहे, पण मधला चेहरा, जिथे घाव जास्त बसतो तिथे, झिजू लागला आहे. सगळ्यांत आधी गेला तो नाकाचा उंचवटा. बारीक काम आधी जातं, हे कुठल्याही कोरणाऱ्याला ठाऊक असतं.

मी शहाणा माणूस आहे. आपल्या मनाचे खेळ मला कळतात. तरी जेवण गेलं नाही.

१८ एप्रिल

व्हिटालिसला गाठलं. तो आधी बोलेना. मग मी त्याचा हात धरून अक्षरशः रडलो, तेव्हा बोलला.

तरुणपणी त्याचं नवं लग्न झालेलं. सलोखादेवीचं नाणं काढायचं होतं, त्यात त्याने बायकोचा चेहरा कोरला. त्याच्याही गुरूने रीत सांगितली होती, त्यानेही तिला आळस म्हटलं होतं. मग ती झिजू लागली. शेवटी घाबरून त्याने काय केलं, तर कानस घेतली आणि ठशातला चेहरा घासून काढला. म्हटलं, चेहराच नसेल तर घाव कुणाला लागणार.

संध्याकाळी घरी गेला. बायकोने दार उघडलं. व्हिटालिस म्हणाला, तिचा आवाज होता, वस्त्र तेच होतं, हातात पावाची टोपली होती — असं काहीबाही तो बरळत राहिला, तिच्या अंगावरचं एकेक सांगत राहिला. मधलं तेवढं सांगेना. मग म्हणाला, ती त्यानंतर थोडेच दिवस जगली. जेवता येईना तिला.

मी विचारलं, मग मला नीट सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? वर माझ्या नजरेवर हसला असतास. आणि खरं सांगू, माझी कहाणी सांगितली असती तर माझी जीभ झिजली असती का? मी भेकड आहे, लिहून ठेव. लिहून ठेवलं.

एक मात्र तो म्हणाला. कानस लावू नकोस, ठसा फोडू नकोस. तिचा पूर्वीचा चेहरा कोरून नवा ठसा कर.

२१ एप्रिल, शहराचा वाढदिवस

नवा ठसा कोरला. अम्मिया आता दिसते तशी नाही, पूर्वी होती तशी. कोरता कोरता, डोळ्यांदेखत, चुलीपाशी बसलेल्या माझ्या पोरीच्या नाकावर उंचवटा आला. ओठांना कडा आल्या. ती एकदम म्हणाली, बाबा, डोकं उतरलं हो!

मी कोरणी खाली ठेवली आणि ओक्साबोक्शी रडलो. तिला आज सगळं सांगितलं. तिने ऐकलं. मग म्हणाली, तेव्हा नाक सरळ केलं असतंत तर निदान देखणी होऊन मेले असते. असल्या वेळी तिला थट्टा कशी सुचते! मी ओरडलो, तर माझ्या गळ्यात पडली.

५ मे

फासात पुरता अडकलो. नवा ठसा म्हणजे तिचे दोन चांगले दिवस. पण नवा ठसा आला की त्यावर आणखी नाणी पडतात, आणि पुन्हा ती झिजते. मी थांबलो तर ती संपेल, आणि कोरत राहिलो तर हातोड्याला तीच पुरवतो आहे.

त्यात काल्विनस! माझी देवी लोकांना आवडली म्हणे, सराफसुद्धा हेच नाणं मागतात. त्याने सगळ्या कोरणाऱ्यांपुढे माझी नाणी ठेवली आणि ह्यांचीच नक्कल करा म्हणाला. आता प्रत्येक ऐरणीवर अम्मिया आहे. मी पाया पडलो, हे चित्र बदला म्हणालो. तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, अरे, कीर्तीला लाजतोस कशाला? सोन्याची सुरी झाली म्हणून ती उरात खुपसून घ्यायची का, हे ह्याला कोण विचारणार.

इतर कोरणाऱ्यांच्या हाताला कसब नाही. कुणी तिचे डोळे वर घेतो, कुणी हनुवटी लांब करतो. काल सकाळी तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर होता.

१० जून

सम्राट मेला! सरहद्दीवर त्याच्याच सैनिकांनी मारला, ज्यांच्या निष्ठेची नाणी आमच्या टाकसाळीने मागच्याच वर्षी पाडली होती. नवा सम्राट त्यांनी तिथेच ढालीवर बसवून उचलला.

एका माणसाच्या मरणाने इतका आनंद व्हावा, देवांनो, क्षमा करा. पण मेलेल्या सम्राटाचे ठसे फोडतात. सगळे. अम्मियाला सांगितलं तर तिने ओढणीतून माझ्याकडे पाहिलं. आता ती चेहऱ्यावर सतत ओढणी घेते. नाण्यावर डोक्यावरून वस्त्र घेतलेली राणी म्हणजे मेलेली राणी. हे तिला ठाऊक आहे. तिला ओढणी काढ म्हणायचं मला धैर्य नाही.

ठसा फोडला तर तिचं काय होईल, ही भीती आहेच. पण व्हिटालिस म्हणाला, बंद करून पेटीत टाका म्हणून आपण दोघं सांगू.

१३ जून

खालचे फोडले. फक्त खालचे.

मुंडकं बदललं की झालं, काल्विनस म्हणाला. देवी त्याच. आरोग्य काय जुन्या सम्राटालाच लागत होतं? आणि नव्या सम्राटाला सैनिकांना बक्षिसी वाटायची आहे, ढीगभर चांदी लागणार. आजपासून पाळ्या लावल्या आहेत. हातोडे रात्रीही थांबणार नाहीत.

तीन सम्राट आले नि गेले तरी पोरगी हीच राहणार, असं तो कौतुकाने म्हणाला. मी त्याच्या तोंडावर थुंकलो नाही. का थुंकलो नाही, हे मला आता कळत नाही.

२५ जून

हिलाराने तिला जिन्यात ओळखलं नाही. कोण गं बाई तू, म्हणून विचारलं.

चेहरा जुन्या नाण्यासारखा झाला आहे. कपाळ, नाक, गाल, सगळं एका पातळीत येत चाललं आहे. बोलते तेव्हा शब्दांच्या कडा लागत नाहीत. तरी काल म्हणाली, बाबा, आता अंजीरवाला मला ओळखत नाही, त्याची उधारी बुडाली. आणि मग पहिल्यांदाच म्हणाली, बाबा, मला भीती वाटते. मला राहायचंय.

मी दिवसरात्र कोरतो. एक ठसा कोरून होतो तोवर दहा झिजतात.

३ जुलै

नदीतल्या बेटावर वैद्यदेवाच्या देवळात तिला नेलं. आजारी माणसं ओसरीत झोपतात, स्वप्नात देव येतो. तिला स्वप्न पडलं नाही. मला जागेपणीच सुचलं.

देवाची मूर्ती पाहत बसलो होतो. दाढीवाला, थकलेला, हातात सापाची काठी. शेजारी ताटली घेतलेली आरोग्यदेवी. त्याचीच मुलगी ती. पुजारी म्हणाला, ही दोघं नेहमी बरोबरच असतात, बापलेकीची ताटातूट कोण करील?

मी करीन. तिच्या जागी बापाला उभा करीन. चित्र बदललं की तिचे ठसे पेटीत जातील. तिथे घाव नाहीत. ती भरून येणार नाही, पण याहून झिजणारही नाही. एवढं पुरे.

६ जुलै

काल्विनसने ऐकलं! नव्या सम्राटाला पोटाचा विकार आहे, त्याला वैद्यदेव आवडेल, असं मीच त्याच्या कानात घातलं. पण एक अट. चेहरा हवा. त्या पोरीसारखा जिवंत. ठिपका दिलास तर मी तिलाच परत काढीन, म्हणाला.

चेहरा कुणाचा? डाकस आहे, हमाल आहेत, रस्त्यावरचे भिकारी आहेत, कुणालाही कळलं नसतं. त्या भिकाऱ्याचीही कुणीतरी वाट पाहत असेल.

हिलाराचा आरसा आणला. ठशात सगळं उलटं कोरायचं आणि आरशातही सगळं उलटंच. इतकं सोपं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

९ जुलै

काल रात्री अम्मियाला कळलं. तिने ठसा हिसकावला. भांडली — ते झिजलेले शब्द, अर्धे मला समजले नाहीत. मी म्हणालो, आधी मी आलो होतो जगात. मीच आधी जायचं. हा हिशेब साधा आहे.

सकाळी ठसा देऊन आलो. तिचे सगळे ठसे गोळा होऊन पेटीत गेले. व्हिटालिसने स्वतः कुलूप लावलं.

१५ जुलै

पहिला घाव कळला. दातांत. कढईवर पळी आपटावी तसा.

ती झोपली आहे. सगळी रात्र हातोडे चालू होते आणि ती झोपली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

किती आनंद झाला आहे ते लिहिता येत नाही.

२४ जुलै

डाकसने मला दारात अडवलं. कोण पाहिजे, म्हणाला. मग आवाज ओळखून रडला. एवढा डोंगर.

दाढी गळते. कोरणीचं टोक दिसत नाही. सगळी नक्कल आता दुसरे करतात. बरंच आहे.

३० जुलै

काल्विनस खूष — म्हणे आणखी एक सुंदर कल्पना सुचली आहे, नंतर दाखवीन. पुढचं नीट ऐकू आलं नाही. कानात सतत घाव.

व्हिटालिस आठवडाभर दिसला नाही. कुणी म्हणतं, घरी बसवला.

४ ऑगस्ट

अम्मिया — माझी अम्मिया भरून येते आहे!

ओढणी काढली तिने. मला नीट दिसत नाही, म्हणून माझं बोट धरून तिच्या नाकावरून फिरवलं. उंचवटा! आईसारखा. ओठांच्या कडा. शब्द पुन्हा लख्ख. म्हणाली, बाबा, देव आहे हो.

आहे. मी बेटावर कोंबडा कबूल केला होता. परवा ती घेऊन जाईल.

आता माझं काय व्हायचं ते होवो.

६ ऑगस्ट

तिने कोंबडा घेतला. सुट्ट्यात परत मिळालेलं एक नाणं घरी आणलं. कोरं करकरीत, नवं. माझ्या हातात दिलं — बघा बाबा, तुम्ही.

मला दिसत नाही. बोट फिरवलं. काठी. साप. दाढी. मी.

पलीकडे आणखी काहीतरी. माझं बोट आता जाड — ती म्हणाली, थांबा, मी बघते. उजेडात नेलं.

नाण्यावर तिचं नख खरवडल्याचा आवाज आला.

बाबा, इथे दोघं आहेत म्हणाली. मधे साप. आणि पलीकडे ताटली घेऊन मी —

लोखंड पेटीत पडून भरून येत नाही. मला ठाऊक होतं. मीच लिहिलं आहे वर. नाक परत आलं म्हणजे कुणीतरी नवीन —

पाळी बदलली. हातोडे थांबले आहेत. थोडाच वेळ.

अम्मिया ऐक, जाऊन सांग त्यांना, मला ठेवा फक्त मला, तिला त्या ठशावरून —

पहिला घाव. तिने दोन्ही हात कानांवर —

बाबा म्हणाली. बाब —